'मूड अँड एनर्जी'वाल्या गमीज : तीन बरण्या संपवल्यावर

आधीच सांगून टाकते, पाचपैकी दोन स्टार. त्यातला एक चवीला आणि एक बरणीला, कारण बरणी काचेची आहे, झाकण घट्ट बसतं आणि सध्या तिच्यात माझा ओवा सुखाने नांदतोय. कंपनीचं नाव लिहीत नैये, कारण व्हिटॅमिनच्या चघळायच्या गोळ्यांच्या अशा डझनभर बरण्या ऑनलाइन मिळतात, सगळ्या गुलाबी-जांभळ्या, सगळ्यांवर डोळे मिटून हसणारी एक बाई, आणि माझं रडगाणं एका कंपनीबद्दल नाहीच्चे.

तर झालं असं की गेल्या वर्षी जुलैपासून माझं काहीतरी बिनसलेलं. मी चिंचवडला राहते, भोसरीत एका वर्कशॉपचे अकाउंट्स बघते, वय ४२, लेक नववीत, घरात सासूबाई. बिनसलेलं म्हणजे सकाळी डोळे उघडले की पहिला विचार, अरे देवा, परत दिवस. डबे होत होते, जीएसटी रिटर्न वेळेवर जात होते, गणपतीत मोदकसुद्धा झाले एकवीसच्या एकवीस, पण मी त्यात नव्हतेच, कोणीतरी दुसरीच बाई माझा गाऊन घालून घरात वावरतेय असं वाटायचं. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचं आणि बाहेर आल्यावर डोळे लाल दिसले तर साबण गेला म्हणायचं. जिना चढताना धाप, केस गळतायत, दुपारी तीन वाजता लेजरवर डोकं ठेवून झोपावंसं वाटायचं. आमच्या ह्यांना एकदा म्हटलं बरं वाटत नाही, तर म्हणाले सकाळी फिरायला जा. आई (सासूबाई) म्हणाल्या आमच्या वेळी असलं काही नव्हतं. झालं, विषय संपला.

मग रात्री अकराला मोबाईलवर ती जाहिरात आली. आधी एक क्विझ होती, आठ प्रश्न, झोप कशी, चिडचिड होते का, पाळीआधी रडू येतं का वगैरे. मी भरली तर निकाल आला, तुमच्या शरीराला पोषण कमी पडतंय, तुमच्यासाठी हे घ्या. मला इतकं बरं वाटलं ना वाचून. म्हणजे मी आळशी नाही, नाटकं करत नाही, फक्त व्हिटॅमिन कमी आहे! लगेच ऑर्डर. (पुढे एकदा आमच्या ह्यांनी गंमत म्हणून तीच क्विझ भरली, सगळं एकदम मस्त आहे असं टिक करत, तर त्यांनाही पोषण कमीच निघालं, फक्त बरणी निळी.)

एक बरणी ५९९ ला, ६० गमीज, रोज दोन, म्हणजे महिनाभर. सबस्क्रिप्शन केलं. चव स्ट्रॉबेरीची, आणि खरंच छान, लहानपणच्या जेलीच्या गोळीसारखी. वरून साखर भुरभुरवलेली असते ती बोटाला चिकटते. दोन गोळ्यांत ४ ग्रॅम साखर आहे हे मागे बारीक अक्षरात. लेकीपासून लपवावी लागली कारण ती 'आई एक दे ना' करत चार उचलायची, आणि हे पॉइंट म्हणून लिहा, लहान मुलं असतील तर गमीज वरच्या फळीवर ठेवा, ते चॉकलेट नाही.

आता मी अकाउंटवाली बाई, हिशोब ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. फ्रिजशेजारी कालनिर्णय आहे, त्यावर मी दुधाचा हिशोब लिहिते, एक लिटर, दीड लिटर, खाडा. त्याच चौकटीत खाली, रडून झालेल्या दिवशी एक बारीक फुली करायला लागले. कोणाला कळणार नाही अशी. आईंनी एकदा विचारलंच, ही फुली कसली गं? म्हटलं दूध फाटलं होतं. पहिल्या बरणीच्या ऑगस्टमध्ये १४ फुल्या. सप्टेंबरमध्ये ११, तेव्हा वाटलं वा, लागू पडतंय! ऑक्टोबरमध्ये परत १३. तीन महिने, १,७९७ रुपये, आणि दूध मात्र एकदाही फाटलेलं नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत स्टुलावरून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा ह्यांनी बळजबरीने आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. बाई आहेत, साठीच्या, फटकळ. मी पर्समधून बरणी काढून अभिमानाने दाखवली, की मी काळजी घेते हो माझी. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, बरणी डोळ्याजवळ नेली आणि विचारलं, "यात आयर्न कुठंय?"

नव्हतंच. तीन महिने मी बायकांसाठी म्हणून विकलेली एनर्जीची गोळी खातेय आणि त्यात लोह शून्य. गमीत लोह बहुतेक घालतच नाहीत, कारण चव गंजक्या खिळ्यासारखी लागते आणि मग कोण खाणार. आणि महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया आहे, हा २०१९-२१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा आहे, म्हणजे लोकलच्या लेडीज डब्यात समोरासमोर दोघी बसल्यात तर त्यातली एक. तिलाच ज्याची गरज तेच नेमकं बरणीत नाही.

बाकीचं लेबल मी घरी येऊन फोटो काढून झूम करून वाचलं, जे तीन महिने आधी करायला हवं होतं. रोजचे दोन घेतले तर डी ४०० युनिट. बी-ट्वेल्व्ह १ मायक्रोग्रॅम. थोडं झिंक, थोडं बी-सिक्स, नावाला अश्वगंधा. आणि अगदी खाली, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. हे सगळ्याच सप्लिमेंटवर छापावं लागतं, कारण यांचं लायसन्स एफएसएसएआयचं, म्हणजे खाद्यपदार्थाचं, औषधाचं नाही. म्हणजे पुढच्या बाजूला 'मूड' आणि मागच्या बाजूला 'औषध म्हणून वापरू नये'. दोन्ही एकाच बरणीवर, फक्त फॉन्टचा फरक.

डॉक्टरबाईंनी टेस्ट लिहून दिल्या, २,३०० गेले. हिमोग्लोबिन ९.४. फेरिटिन ६, म्हणजे लोहाचा साठा, बँक बॅलन्सच म्हणा ना, जवळपास निल. बी-ट्वेल्व्ह १४८, डी-थ्री ११, दोन्ही कमीच. आणि टीएसएच एकदम विचित्र कमी, थायरॉइड जास्त काम करतोय असं दाखवणारा. बाईंनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, "केसांसाठी काही घेतेस का?" तर हो, ऑफिसातल्या मैत्रिणीने केसांच्या वेगळ्या गोळ्या दिल्या होत्या, बायोटिन १० हजार मायक्रोग्रॅम. त्या म्हणाल्या आठवडाभर बंद कर आणि परत टेस्ट कर. केली, टीएसएच नॉर्मल! बायोटिनचे मोठे डोस काही लॅब टेस्ट बिघडवतात, थायरॉइडच्याही, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच तसा इशारा दिलाय. माझ्या लॅबवाल्या मुलाने रक्त घेताना ॲस्पिरिन घेता का विचारलं, शुगर आहे का विचारलं, बायोटिनचं कोणी विचारलं नाही. विचारा हे, नाहीतर सांगा आपणहून, उगीच थायरॉइडच्या गोळ्या चालू व्हायच्या.

आता गमीचा आणि खऱ्या डोसचा हिशोब मांडते, माझा आवडता भाग. मला डी-थ्री लागू झालं आठवड्याला ६० हजार युनिट, ८ आठवडे. गमी आठवड्याला देत होती २,८००. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली १ हजार मायक्रोग्रॅमची, मग १,५०० ची गोळी. गमीत १. म्हणजे फुटक्या रांजणात मी चमच्याने पाणी घालत होते. ज्याचं सगळं नॉर्मल आहे त्याला गमीची गरज नाही आणि ज्याचं खरंच कमी आहे त्याला ती पुरत नाही, मग ही बरणी नक्की कोणासाठी आहे हे मला अजून कळलेलं नाही. औषधांचा खर्च महिन्याला साडेसहाशेच्या आत बसला, गमीइतकाच की. पण म्हणून मेडिकलमधून आपलं आपण आणून सुरू करू नका हां, आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी आठवड्याची ती ६० हजारवाली रोज घेतली दोन महिने, कॅल्शियम इतकं वाढलं की ॲडमिट करावं लागलं.

लोहाच्या गोळीचा रिव्ह्यू वेगळा लिहावा इतकं आहे त्यात. पहिल्या आठवड्यात संडास काळीकुट्ट, मी घाबरून बाईंना फोन, त्या हसल्या, म्हणे असंच होतं. मग बद्धकोष्ठ. मळमळ. आणि सगळ्यात मोठी शिक्षा म्हणजे गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही, चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही. सकाळचा चहा सोडणं मला अशक्य, म्हणून गोळी ढकलली अकरा वाजता, ऑफिसात, डब्यातलं अर्धं लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. आजूबाजूचे विचारायचे लिंबूपाणी, डाएट का? हो म्हणायचं. कॅल्शियमची गोळी याच वेळी घ्यायची नाही, ती रात्री. डी-थ्री जेवणावर, काहीतरी स्निग्ध पोटात असताना. हे सगळं चिठ्ठीवर कोणी लिहून देत नाही, फक्त १-०-१ असतं.

आणि बाईंनी विचारलं पाळी कशी आहे. मी म्हटलं नेहमीसारखीच. किती पॅड? सांगितल्यावर म्हणाल्या याला नेहमीसारखी म्हणतात होय? सोनोग्राफीत फायब्रॉइड निघाला, गर्भाशयातली गाठ. म्हणजे टाकीला खालून गळती आणि मी वरून स्ट्रॉबेरी फ्लेवर ओतत बसलेली.

जाता जाता, आईंचंही भलं झालं. त्यांना शुगर आहे, दहा-बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू, तळपायाला मुंग्या यायच्या, त्या म्हणायच्या वयाचं आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्यांनीही होतं. त्यांचं तपासलं तर ११० च्या आसपास. तसंही आपल्याकडे हे घरोघरचं आहे, पुण्याच्या केईएममध्ये डॉ. याज्ञिकांच्या टीमने पुणे परिसरातल्या पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ मध्ये छापून आलं, ६७ टक्क्यांचं बी-ट्वेल्व्ह कमी आणि शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. पुरुषांचं हे, ज्यांना ताटात आधी वाढतात. पालेभाजीत बी-ट्वेल्व्ह नसतं, ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यातून येतं, आणि आमच्याकडे अंडं फक्त लेकीच्या डब्याला, तेही आईंची तव्याला परवानगी नाही म्हणून वेगळ्या भांड्यात.

आता मुद्द्याचं, जे लिहायला मी तीन वेळा बसले आणि उठले.

मी डॉक्टरबाईंना फक्त थकवा सांगितला होता. रडू येतं, सकाळ नको वाटते, हे सांगितलंच नाही. फुल्यांचं तर अजिबातच नाही. आणि औषधांनी थकवा खरंच गेला! डिसेंबरअखेर मी तीन मजले न थांबता चढत होते, दुपारची झोप गेली, केस जरा धरले, हिमोग्लोबिन ११.६. सगळे म्हणाले चेहरा टवटवीत दिसतोय. आणि डिसेंबरच्या फुल्या किती? १२. म्हणजे आता माझ्याकडे रडायला ताकद होती, एवढाच फरक.

जानेवारीत रिपोर्ट दाखवायला गेले तेव्हा बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "रडू येतं का गं?" मी काही बोललेच नाही, मोबाईलमधला कॅलेंडरचा फोटो उघडून पुढे केला. दुधाचा हिशोब बघून त्या गोंधळल्या, मग मी बोट ठेवलं. त्यांनी एक कागद दिला, नऊ प्रश्नांचा, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं, शून्य ते तीन मार्क. नवव्या प्रश्नाला माझा हात थांबला. तो जगणं नको वाटण्याबद्दल असतो. मी शून्य लिहिलं, पण खोडून एक केलं, आणि ते खोडलेलं त्यांनी बघितलं. बेरीज १७. गाल पुसत असतानाही मी बेरीज दोनदा तपासली, सवय.

मी विचारलं, मग बी-ट्वेल्व्हमुळे नव्हतं का हे? त्या म्हणाल्या काहींचं असतं, बी-ट्वेल्व्ह खूप खाली गेलं की मन, आठवण सगळं बिघडतं, लोह कमी असलं तरी उदास वाटतं, म्हणून आधी ते तपासायचंच असतं. पण सगळ्या उदासीला व्हिटॅमिनचं नाव देता येत नाही. मग मी घरी येऊन शोधलं, कारण मला पुरावा लागतो. अमेरिकेत १८,३५३ लोकांना, सगळे पन्नाशीच्या पुढचे, काहींना रोज २,००० युनिट डी-थ्री आणि काहींना नुसती साधी गोळी असं पाच वर्षांच्या वर देऊन बघितलं, २०२० मध्ये जामा जर्नलमध्ये आलं, डिप्रेशन टळण्यात काही फरक नाही. ते लोक डी कमी असलेले म्हणून निवडलेले नव्हते हे खरं, पण गमीची जाहिरात तरी कुठे रिपोर्ट विचारते? त्याआधी २०१९ मध्ये युरोपातल्या चार देशांत १,०२५ जणांवर झालं, वजन जास्त आणि मन थोडं खचलेलं अशी माणसं, त्यांना ओमेगा-थ्री, सेलेनियम, फॉलिक ॲसिड, डी, कॅल्शियम असं मिक्स वर्षभर दिलं. तिथेही डिप्रेशन टळलं नाही. माझ्या बरणीत तर याच्या अर्धंही नव्हतं.

सायकिॲट्रिस्टकडे पहिल्यांदा गेले तेव्हा रिक्षा दोन गल्ल्या अलीकडे सोडली. गोळी सुरू झाली, कमी डोसवर आठवडा आणि मग वाढवून. नाव लिहीत नाही, ती माझी मला दिलेली आहे. त्यांनीही आधी सगळ्या सप्लिमेंटची यादी मागितली, विशेष करून मूडच्या काही परदेशी गोळ्यांत सेंट जॉन्स वर्ट किंवा फाइव्ह-एचटीपी असतं ते या औषधांबरोबर धोक्याचं, सेरोटोनिन नको तितकं वाढतं. माझ्या गमीत नव्हतं, पण मागवणाऱ्यांनी लेबल दाखवा, लाजू नका. पहिले दोन आठवडे नुसती मळमळ आणि तोंड कोरडं, मला वाटलं ही पण गमीच निघाली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवस मी कुकरच्या शिट्ट्या मोजत गुणगुणत होते, लेक म्हणाली आई तू गातेयस. सोबत समुपदेशन, आठवड्याला पाऊण तास, तिथे काय बोलते ते इथे नाही. जानेवारीच्या फुल्या ९, फेब्रुवारी ६, मार्च ३. एप्रिलमध्ये एक, आणि त्या दिवशी खरंच दूध फाटलं होतं.

गोळी आणि लोह दोन्ही चालू असल्यामुळे कशाने किती झालं हे मी शंभर टक्के वेगळं काढू शकत नाही. पण डिसेंबरची ती १२ मला पुरेशी आहे.

एक गोष्ट मात्र गमीच्या बाजूने लिहायलाच हवी. ती बरणी तीन महिने डायनिंग टेबलवर लोणच्याच्या बरणीशेजारी उघड्यावर होती. पाहुणे आले तरी कोणी लपवली नाही, जाऊबाईंनी तर उचलून वास घेतला आणि लिंक मागितली. आणि सायकिॲट्रिस्टची स्ट्रिप? ती कपाटात, पैठणीच्या खाली, साडीच्या पिशवीत. मला मन बरं नाही हे घरात बोलता येत नव्हतं, पण व्हिटॅमिन घेते हे बोलता येत होतं. ५९९ मी त्याचे दिले असं मला आता वाटतं. जाऊबाईंना मी लिंक दिली नाही, आपल्या डॉक्टरबाईंचा नंबर दिला, तर त्या जरा फुगल्याच.

ज्यांना अगदीच कोणाशी बोलता येत नसेल त्यांच्यासाठी, टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, सरकारी आहे, मराठीत बोलतात. नवव्या प्रश्नाशी हात थांबणाऱ्या कोणी हे वाचत असाल तर आजच लावा, बरणी नंतर मागवा.

हां, आणि सर्व्हिसचा एक स्टार कापलाय तो का ते राहिलंच. सबस्क्रिप्शन बंद केलं होतं, तरी मार्चमध्ये चौथी बरणी दारात. परत पाठवायला गेले तर ॲपमध्ये कारण निवडायला लावतात, साइज बरोबर नाही, रंग आवडला नाही, डॅमेज आलं, चुकून मागवलं. मी बराच वेळ बघत बसले आणि 'चुकून मागवलं' वर टिक केलं. बरणी नेली, पैसे अजून आलेले नाहीत.